ओठ न हलवता

माझ्या वयाची माणसं केबलच्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल बोलायला लागली की त्यांचा आवाज पातळ होतो. काय ते दिवस, काय तो आपलेपणा. मला तसं काही होत नाही. मला आठवतो मंगल कार्यालयातल्या वधूपक्षाच्या खोलीतला कोंदट वास, डोळ्यांवर मारलेला हॅलोजन, आणि ओठ न हलवता बोलता येतं एवढ्या भांडवलावर गावात मोठेपणा मिरवणारा एक माणूस.

नगर जिल्ह्यातलं आमचं गाव तालुक्याचं, साखर कारखान्याच्या जिवावर वाढलेलं. सरकारी टीव्ही तोवर सगळ्यांनी पाहिला होता. आपल्याच गावचा टीव्ही हा प्रकार नवा होता. केबलवाल्याचं आधी व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं. त्याने गच्चीवर छत्री बसवली, विजेच्या खांबांवरून वायरी ओढल्या आणि एक चॅनेल स्वतःसाठी मोकळं ठेवलं. त्यावर दुपारी सिनेमा, मध्ये साडीच्या दुकानाच्या जाहिराती, कुणाच्या तरी नातवाला वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि कारखान्याच्या चेअरमनचं भाषण. भाषण कुणी बघत नसे. पण ते दाखवलं नाही तर खांबावरच्या वायरी आपोआप तुटतात, असं केबलवाला म्हणायचा.

त्याच्या डोक्यात आलं की पोरांचा कार्यक्रम करावा. पोर टीव्हीवर दिसणार म्हटलं की अख्खी भावकी कनेक्शन घेते, हा त्याचा साधा विचार. त्याला मी नावं ठेवत नाही. धंदेवाल्याने धंदा करावा. नावं ठेवायची ती कार्यक्रम सादर करणाऱ्याला.

हे गृहस्थ कारखान्यात टाइमकीपर होते. कार्डावर मात्र ‘शब्दभ्रमकार’ असं छापलेलं. अल्पबचतीच्या मेळाव्यात, गणपतीत, शाळांच्या गॅदरिंगला ते मांडीवर लाकडी बाहुला घेऊन बसत आणि त्याच्याशी गप्पा मारत. सफारी सूट, तेल लावून बसवलेले केस आणि वरचा ओठ पूर्ण झाकणारी मिशी. मिशी कलेसाठी राखली आहे, असं ते सांगत. बाहुल्याला गुलाबी गाल, डोक्याला फेटा आणि खालीवर होणारा जबडा. ठरलेली वाटणी अशी की बाहुला वात्रट आणि गृहस्थ सज्जन. बाहुला कुणाला तरी लागेलसं बोलणार, लोक हसणार, आणि गृहस्थ बोट उगारून म्हणणार, “ए, असं बोलायचं नाही हं!” म्हणजे बोलूनही झालं आणि सभ्यपणाही शाबूत.

त्या बाहुल्याच्या वात्रटपणाला गावाची नेमकी माहिती होती. जाड्या पोराला तो ‘गुळाची ढेप’ म्हणे. काळ्या पोरीला विचारी, “लाइट गेली काय गं?” वॉचमनच्या मुलाला म्हणे, “झोपलास का बापासारखा?” पण चेअरमनचा नातू पुढे आला की हाच बाहुला “या साहेब, बसा साहेब” करायचा. लाकडाला एवढं कळत नाही. ज्याला कळत होतं तो मिशीआड होता.

कार्यक्रमाच्या पहिल्या भागासाठी शाळेतून मुलं निवडली, त्यात मी होते. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आला होता. विषय वृक्षारोपण, आमच्याकडे बहुतेक स्पर्धांना तोच विषय असायचा, झाडं मात्र कुणी लावत नसे. मी तेव्हा सहावीत होते आणि टीव्हीवर दिसणार हे वर्गात, गल्लीत, पिठाच्या गिरणीत सगळीकडे सांगून ठेवलं होतं.

पावसाळ्यात लग्नं नसतात, त्यामुळे मंगल कार्यालय रिकामं होतं. रविवारी सकाळी वधूपक्षाच्या खोलीत आम्हाला सतरंजीवर बसवलं. मागे भिंतीला चार-पाच पालक आणि एक-दोन मास्तर. शूटिंगला लग्नाचा व्हिडिओ काढणारा माणूस होता. त्याला एकच पद्धत माहीत होती: कॅमेरा स्टँडवर ठेवायचा आणि ज्याचं तोंड उघडेल त्याच्यापुढे माईक न्यायचा. लग्नात मामा, काकू, नवरदेवाचे मित्र, सगळ्यांपुढे तो असाच माईक नाचवी.

माझी पाळी आली. मी पुढे उभी राहिले. बाहुल्याने मान वळवली.

“नाव काय गं पोरी?”

मी नाव सांगितलं.

“आडनाव?”

आधीच्या मुलांना आडनाव विचारलं नव्हतं. मी सांगितलं. आम्ही बौद्ध. आजोबांच्या पिढीने धर्म बदलला, आडनाव तेच राहिलं, आणि आमच्या भागात आडनाव ऐकलं की मोठ्या माणसांचा हिशेब लगेच पुरा होतो.

“आणि काय येतं तुला?”

“तालुक्यात माझा वक्तृत्वात पहिला नंबर आला.”

बाहुल्याने जबडा आ करून मागच्या मोठ्या माणसांकडे पाहिलं. “पहिला? साधा पहिला का राखीव पहिला?”

मागची माणसं हसली. ती हसली म्हणून पोरंही हसली. पोरांना काही कळलं नव्हतं. गृहस्थांनी बोट उगारलं. “ए, असं बोलायचं नाही हं! पाहुणी आहे आपली.” पुन्हा हशा. मग मी वृक्षारोपणावर बोलले. न अडखळता बोलले. पाठ होतं.

घरी आल्यावर आईने विचारलं, कसं झालं. मी चांगलं झालं म्हणाले आणि बाहुल्याने काय विचारलं तेही सांगितलं, कारण मला अर्थ हवा होता. राखीव पहिला म्हणजे काय?

आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. सगळं गाव तिला सिस्टर म्हणायचं. ती भाजी निवडत होती. तिने ताट बाजूला सरकवलं आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. कोण होतं, कोण हसलं, नंतर तो काय म्हणाला.

वडील शेजारच्या गावात शिक्षक होते. ते म्हणाले, “अगं, सोडून दे. गावात राहायचंय आपल्याला.”

“राहायचंय म्हणूनच चाललेय,” आई म्हणाली. “निघून जायचं असतं तर सोडलं असतं.”

“आणि काय सांगणार? बाहुला बोलला म्हणून?”

“चल गं,” आई मला म्हणाली. “चप्पल घाल.”

मला जायचं नव्हतं. मला भीती एवढीच होती की ही तिथे भांडेल आणि संध्याकाळी मला टीव्हीवर दाखवणार नाहीत.

केबलचं ऑफिस कॅसेटच्या दुकानामागे होतं. आम्ही गेलो तेव्हा तिथे वेगळाच गोंधळ चालला होता. टीव्हीवर सकाळची कॅसेट लावलेली. केबलवाला कपाळाला हात लावून बसलेला, गृहस्थ लालबुंद, आणि शूटिंगवाला भिंतीला टेकून उभा. पडद्यावर बाहुला तोंड उघडत होता, मिटत होता, आणि आवाज काही येत नव्हता. नुसती खरखर. गृहस्थ बोलले की आवाज स्वच्छ. बाहुला बोलला की खरखर.

“आरं, तू माईक कुनाफुडं धरला?” केबलवाला ओरडत होता.

“जो बोलंल त्याच्याफुडं,” शूटिंगवाला म्हणाला. “बाहुला बोलला तवा बाहुल्याफुडं.”

“तो लाकडाचा हाय!”

“ते ध्यानात ऱ्हात न्हाई मालक. बोलतोच तसा तो.”

गृहस्थांचा चेहरा बघण्यासारखा होता. एवढी खरी दाद त्यांना जन्मात मिळाली नसेल, आणि तिनेच त्यांचा कार्यक्रम बुडवला होता. खरं तर माईक बाहुल्यापुढे गेलेला त्यांनाही दिसला होता. पण तेव्हा सुखावले होते, म्हणून बोलले नाहीत.

केबलवाल्याने आईला पाहिलं. “आवो सिस्टर, या, बसा. च्या सांगू?”

“चहा नको. ह्यांच्याशी बोलायचंय.” आईने काय झालं ते एका दमात सांगितलं. मग गृहस्थांना विचारलं, “माझ्या मुलीला असं का बोललात?”

गृहस्थांना वाट सापडली. ते शांत झाले, हसलेसुद्धा. “बाई, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. मुलं काहीही सांगतात घरी. कॅसेट समोर आहे, तुम्हीच ऐका. असं वाक्यच नाही त्यात.”

त्यांनी कॅसेट मागे नेली. पडद्यावर मी आले, दोन वेण्या, इस्त्रीचा फ्रॉक. बाहुल्याने जबडा हलवला. खरखर. मग हशा, खणखणीत. मग गृहस्थांचा आवाज, त्याहून खणखणीत: “ए, असं बोलायचं नाही हं! पाहुणी आहे आपली.”

“बघा,” गृहस्थ म्हणाले. “आहे का काही?”

“आहे की,” आई म्हणाली. “बाहुला काही वावगं बोललाच नाही, तर तुम्ही त्याला गप्प कशाला केलंत?”

शूटिंगवाला हसला आणि केबलवाल्याने बघितल्यावर खाली बघायला लागला.

गृहस्थांनी कॅसेट बंद केली. मग त्यांनी जे केलं त्याबद्दल मला आजही त्यांची कीव येत नाही, किळस येते. त्यांनी पेटी उघडून बाहुला काढला, मांडीवर घेतला, आणि बाहुल्याने आईपुढे मान झुकवली. “चुकलो हो सिस्टर! लाकडी जीभ माझी, घसरली. दोन इंजेक्शनं द्या पाहिजे तर!”

केबलवाला हसला. हसून मोकळं व्हायची ती ठरलेली जागा होती. आई हसली नाही.

“ठेवा तो खाली. मी लाकडाशी भांडायला आले नाही. तुम्ही बोला.”

“मी काय वेगळा आहे का?” गृहस्थ म्हणाले, मिशीतल्या मिशीत.

“ओठ हलवून बोला. सकाळी सगळ्यांसमोर बोललात, आता सगळ्यांसमोरच सांगा. तिला बोललो ते चुकलं. एवढंच. तुमच्या तोंडाने.”

“बाई, विनोद असतो तो. कलेत असं...”

“कला राहू द्या.”

दवाखान्याच्या कॉलनीत केबल तेवढी आमच्याकडेच होती, आणि केबलवाल्याला तिथे आणि मागच्या वस्तीत आणखी कनेक्शनं द्यायची होती. त्याने तोड काढली. “सिस्टर, हिचा भाग कापून टाकू. परश्नच मिटला.”

“माझी मुलगी कापायची नाही,” आई म्हणाली. “ती चांगली बोललीय. कापायचं तर ह्यांचं कापा.”

शेवटी असं ठरलं: शूटिंग पुन्हा करायला वेळ नाही, संध्याकाळी सातला कॅसेट तशीच लावायची आणि गृहस्थांनी ऑफिसातच माईकपुढे बसून बाहुल्याचा आवाज आयत्या वेळी द्यायचा. आई म्हणाली, मग त्याच माईकवर, माझ्या मुलीच्या वेळी, स्वतःच्या आवाजात सांगा. गृहस्थ म्हणाले, “बघतो. तुमचं समाधान होईल असं काहीतरी करतो.”

सात वाजता आमच्या खोलीत शेजारच्या दोन नर्सबाया, त्यांची पोरं आणि आम्ही. वडील दाराशी, पेपर धरून, पण पानं उलटत नव्हते. टीव्हीवर बाहुला बोलत होता, जबडा एकीकडे आणि आवाज दुसरीकडे, आणि त्याच्याभोवती शूटिंगवाल्याने लग्नात वापरायची बदामाची चौकट टाकली होती. मी पुढे आले. पडद्यावरच्या मीने सांगितलं, पहिला नंबर आला. बाहुल्याने जबडा आ केला आणि म्हणाला, “पहिला? वा वा! शाबास गं शाबास!”

मागची माणसं खो खो हसली. आणि गृहस्थांनी बोट उगारलं. “ए, असं बोलायचं नाही हं! पाहुणी आहे आपली.”

शाबासकी दिली म्हणून बाहुल्याला दम. अख्ख्या गावाने ते पाहिलं आणि कुणालाही त्यात विचित्र काही वाटलं नाही. शेजारच्या बाई म्हणाल्या, “किती गोड बोलतो मेला!” मी तर खूश होते. माझं भाषण पूर्ण दाखवलं होतं.

आईने टीव्ही बंद केला. “बरं,” ती म्हणाली. एवढंच.

पुढच्या रविवारी रात्रपाळी संपवून ती तशीच, पांढऱ्या साडीत, मंगल कार्यालयात गेली. मीही बरोबर होते. मला दुसऱ्यांदा संधी मिळेल असं वाटत होतं. खोलीच्या पुढच्या बाजूला एक लोखंडी खुर्ची ओढून ती बसली. कार्यक्रम सुरू झाला आणि ती बघत राहिली. बाहुल्याकडे नाही. गृहस्थांच्या मिशीकडे.

शब्दभ्रम हा प्रकार प्रेक्षकाच्या चांगुलपणावर चालतो. बाहुला बोलला की तुम्ही बाहुल्याकडे बघायचं असतं. सगळे बघतात. एक माणूस तसं करत नसेल तर त्या कलेत काही उरत नाही, नुसता एक टाइमकीपर उरतो, दात आवळून किरट्या आवाजात बोलणारा. गृहस्थ त्या दिवशी घसा खाकरत राहिले, पाणी पीत राहिले. बाहुल्याने कुणाला गुळाची ढेप म्हटलं नाही.

त्याच्या पुढच्या रविवारीही आई खुर्चीवर. गृहस्थांनी मध्येच थांबून विचारलं, “बाई, मुलांचा कार्यक्रम आहे. तुम्ही कशाला?”

“बघायला आलेय.”

“मग बाहुल्याकडे बघा ना.”

“त्याच्याकडे सगळे बघतायत. तुमच्याकडेही कुणीतरी बघायला पाहिजे.”

आता पोरांचं कुतूहल जागं झालं. सिस्टर कुठे बघतायत म्हणून एकेकाची मान वळली. कॅमेरा चालू, हॅलोजन चालू, आणि पुढे बसलेल्या एका पोराने शोध लागल्यासारखं ओरडून सांगितलं, “ओ काका, तुमचंच त्वांड हलतंय की!”

मग काय. “हाय हाय, मिशी हलती!” “परत बोला काका!” सतरंजीवर नुसता गलका. गृहस्थांनी हसण्याचा प्रयत्न केला, बाहुल्याने काहीतरी उत्तर दिलं, आणि उत्तर येताना तीस पोरं मिशीकडे डोळे लावून बसली होती. गृहस्थ उठले. बाहुला पेटीत कोंबला, फेटा बाहेर लोंबत राहिला तरी झाकण दाबलं.

आई दारापाशी उभी राहिली. वाट अडवली नव्हती, बाजूला होती. “एक वाक्य बोला,” ती म्हणाली. “मी पुन्हा येणार नाही.”

कॅमेरा तोवर चालूच होता. मला आता कळत होतं की ती कशासाठी येत होती, आणि त्या क्षणी मलाही ते वाक्य हवं होतं, टीव्हीपेक्षा जास्त.

“नर्सबाई,” गृहस्थ म्हणाले, ओठ चांगले हलवून, “तुमी लोक लई डोक्यावर बसलाय.” आणि गेले. कार्यक्रमातली शुद्ध भाषा मागे पेटीत राहिली असावी.

कार्यक्रम बंद पडला. एक वाक्य बोलण्यापेक्षा त्यांना तो बंद केलेला परवडला. केबलवाल्याने त्या वेळेला जुनी गाणी लावली. गावात बोललं गेलं की सिस्टरने पोरांचा कार्यक्रम बंद पाडला. एवढंसं लाकडी बाहुलं, त्यावर केवढं राजकारण. वर्गातल्या मुली काही दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. शेजारच्या बाई, त्या चांगल्या होत्या, त्यासुद्धा म्हणाल्या, “सिस्टर, बाहुल्याचं काय मनावर घ्यायचं?” आई म्हणाली, “बाहुल्याला मी एका शब्दाने बोलले नाही.” वडील मात्र त्यानंतर “सोडून दे” असं कधी म्हणाले नाहीत. तेही तिच्याबरोबर गेले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. त्यांना वाटत होतं का, मी विचारलं नाही.

त्या हिवाळ्यात गृहस्थांना कारखान्याच्या रस्त्यावर पायाला कुत्रं चावलं. त्याची इंजेक्शनं सरकारी दवाखान्यात मिळत, आणि ती देणारी सिस्टर आई. शाळा सुटल्यावर मी किल्ली घ्यायला तिथे जायची, त्यामुळे मी त्यांना बाकावर बसलेलं पाहिलं, इतरांसारखंच, पायजमा गुडघ्यापर्यंत वर केलेला. पुन्हा पुन्हा यावं लागायचं. आईने एकदाही त्यांना ताटकळत ठेवलं नाही, एकदाही सुई जोरात टोचली नाही. मी नीट बघत होते. मला तसं झालेलं आवडलं असतं.

शेवटच्या खेपेला ते इंजेक्शन झाल्यावर उठले नाहीत. पोटावरचा शर्ट खाली ओढत राहिले. मग म्हणाले, “सिस्टर, ते... त्या वेळचं...”

आईने हातातला कापूस तसाच धरला आणि थांबली. मी दारात थांबले. बाकावरच्या दोन बायाही बघायला लागल्या. गृहस्थांचे ओठ मिशीखाली हलत होते, आवाज येत नव्हता. मग एकदाचा आला.

“तुमचा हात फार हलका आहे,” ते म्हणाले. “कळलंसुद्धा नाही.”

आईने कापूस बादलीत टाकला आणि बाकाकडे पाहिलं.

“पुढचा,” ती म्हणाली.